आधी पट्टा, मग गाडी : मुलांना घेऊन घरी केलेली पट्ट्यांवरची गाडी

रणगाड्यासारखी पट्ट्यांवर चालणारी गाडी घरी करायची म्हटलं की बहुतेक जण आधी तिची बॉडी करतात. पुठ्ठ्याचा बुरूज, पाइपची तोफ, हिरवा रंग. हे सगळं झालं की खाली बसेल असा पट्टा शोधायला निघतात आणि काम तिथंच अडतं. मी घरी बॅगा शिवते, त्यामुळे माझा हात पहिल्यांदा पट्ट्याकडे जातो, आणि या गाडीला तोच क्रम योग्य आहे. पट्टा केवढा आणि त्यावरचे दात किती अंतरावर हे ठरलं, की चाकाचं माप त्यातून निघतं, चाकावरून फळी निघते, फळीवरून बॉडी.

आम्ही भिंगारला राहतो, नगरला लागूनच. लष्कराचं आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल, म्हणजे रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र, इथलंच, त्यामुळे रणगाडा हा शब्द आमच्या मुलांना बाराखडीच्या आधी येतो. १९९४ साली सुरू झालेलं रणगाड्यांचं संग्रहालयही इथंच आहे. तुमच्या जवळ असं काही नसेल तर रस्त्याच्या कामावरचं पोकलेन दाखवा, काही बिघडत नाही. आम्ही काम सुरू करण्याआधी संग्रहालयात गेलो ते तोफा बघायला नाही, पट्टे बघायला. १९६५ च्या युद्धात पकडलेला पाकिस्तानी पॅटन रणगाडा तिथं उभा आहे. त्याच्या बाजूला मुलांना खाली बसवलं आणि फक्त चाकं बघायला सांगितली : मागचं दातेरी चाक, ज्याला इंजिनाची ताकद मिळते, पुढचं नुसतं फिरणारं, मधली वजन पेलणारी सहा, आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूला मधोमध उभी असलेली शिंगं, जी चाकांच्या जोडीमधल्या फटीतून जातात आणि पट्टा बाजूला सरकू देत नाहीत. आपल्या गाडीत हे चारही भाग आहेत. मुलांनी ते खऱ्या गाडीवर एकदा बोट ठेवून पाहिले असले, की पुढं समजावत बसावं लागत नाही.

पट्टा कशाचा

सायकलची जुनी ट्यूब फुकट मिळते म्हणून सगळे तीच सुचवतात. मी सुचवणार नाही. रबर ताणलं जातं. सुरुवातीला घट्ट बसलेला पट्टा वजन आलं की सैल पडतो, मोटर आत फिरत राहते आणि गाडी जागच्या जागी. खरी सायकलची चेन मजबूत असते, पण या छोट्या मोटरींना ती जड होते. आपल्याला हवा न ताणणारा, पण वाकणारा पट्टा, आणि तो बॅगेवाल्यांकडे मीटरवर मिळतो : दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर रुंदीचा पीपीचा, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा पट्टा, शाळेच्या दप्तराला असतो तोच. सुती निवार पाण्यानं आकसते, नायलॉनचा पट्टा ताणाला लांबतो. पीपी पाणी पीत नाही आणि ताणाला फार लांबत नाही. त्याचा एकच हट्ट आहे, त्याला डिंक धरत नाही. कुठलंही सोल्यूशन लावा, दोन दिवसांत पापुद्रा निघून येतं. म्हणून त्यावर जे बसवायचं ते स्क्रूनं किंवा टिपेनं.

एका बाजूला ६४ सेंटिमीटर पट्टा कापा. टोकं मेणबत्तीवर हलकी वितळवून घ्या, म्हणजे धागे सुटत नाहीत. हे मोठ्यांनी करायचं, वितळलेलं पीपी बोटाला चिकटतं आणि भाजतं. मग दर ४ सेंटिमीटरला पेनानं आडवी रेघ. शेवटचे ४ सेंटिमीटर एकमेकांवर येणार, त्यामुळे गोल झालेला पट्टा भरेल ६० सेंटिमीटर आणि त्यावर बसतील बरोबर १५ दात. रेघा मारायचं काम आमच्या धाकट्यानं केलं, तो तिसरीत आहे. ४, ८, १२ करत ६० पर्यंत जायचं, चाराचा पाढा तोंडपाठ असलेल्या कुणालाही जमतं.

दात म्हणजे लाकडाचे छोटे ठोकळे. सुताराकडं फर्निचरच्या कडेला लावायची बीडिंग पट्टी असते, तिचे तुकडे घ्या : १४ मिलिमीटर रुंद, १२ लांब, १० उंच. दोन्ही पट्ट्यांना मिळून ३० लागतात, आणखी पाच-सहा जास्तीचे करून ठेवा. प्रत्येक ठोकळ्याच्या मधोमध २ मिलिमीटरचं भोक आधी पाडून घ्यायचं. न पाडता स्क्रू पिळला की असला छोटा ठोकळा तंतूंच्या दिशेनं सरळ चिरतो. वरच्या कडा पॉलिश पेपरवर घासून थोड्या उतरत्या करा, कारण प्रत्येक फेरीत हा दात दोन चकत्यांच्या मध्ये शिरणार आहे आणि धारदार कड असली तर तो तिथं अडेल. हे घासणं मुलांना द्या. कंटाळवाणं वाटतं, पण ठोकळ्याच्या चार कडा एकसारख्या उतरवायला हात हळूहळू बसतो, आणि आमच्याकडं तर शेवटचे दात पहिल्यांपेक्षा कितीतरी सुबक झाले.

पट्ट्याच्या बाहेरच्या बाजूला पकड हवी. सायकलच्या जुन्या टायरचा मधला नक्षीचा भाग घ्या, कडेच्या तारेचा नको. त्याचे २ बाय ४ सेंटिमीटरचे तुकडे करा. कापडाची कात्री याला अजिबात लावू नका, पत्र्याची कात्री किंवा ब्लेडचा सुरा वापरा. आता एकावर एक : बाहेरून टायरचा तुकडा, मध्ये पट्टा, आत लाकडी दात, आणि बाहेरून आत जाणारा अर्धा इंची स्क्रू वॉशरसकट. पट्ट्याला भोक पाडताना सुरीनं कापू नका, तापवलेल्या दाभणानं पाडा. भोकाची कड वितळून बसते आणि पुढं फाटत नाही.

जोड शेवटी. दोन टोकं ४ सेंटिमीटर एकावर एक ठेवून चौकोनी टीप मारायची आणि चौकोनात फुली, दप्तराच्या पट्ट्याला असते तशीच. मशीनवर १८ नंबरची सुई आणि नायलॉनचा दोरा. मशीन नसेल तर बॅग दुरुस्तीवाल्याकडं पाच मिनिटांचं काम आहे. जोडावर येणारे दात तेवढे शिवून झाल्यावर बसवा.

चाकं

सगळी चाकं एकाच मापाची ठेवली आहेत, म्हणजे एकच काम पुन्हा पुन्हा करायचं. प्रत्येक चाक म्हणजे ६ मिलिमीटर प्लायच्या दोन चकत्या, ६० मिलिमीटर व्यासाच्या, आणि त्यांच्या मध्ये १९ मिलिमीटर प्लायची ३० मिलिमीटरची छोटी चकती. मधल्या त्या फटीतून दात जातात. एका बाजूला चार चाकं, म्हणजे मोठ्या चकत्या सोळा. फर्निचर करणाऱ्याकडं होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची गोल करवत असते, तिनं त्या पटापट निघतात आणि प्लायचे एवढे तुकडे त्याच्याकडं पडलेलेच असतात. मधलं भोक ६ मिलिमीटरचं येतं, ते साडेसहाचं करून घ्या. चाकाचा आस म्हणजे ६ मिलिमीटरचा साडेतीन इंची बोल्ट. लाकडाला तेल नको, धूळ धरतं. भोकात मेणबत्ती घासा.

मागचं चाक वेगळं, कारण ते पट्टा ओढणार. त्याच्या दोन मोठ्या चकत्यांमधून पाच खुंट्या आरपार जातात. खुंट्या म्हणजे ४ मिलिमीटरचे बोल्ट, ४० लांब, मध्यापासून २४ मिलिमीटरवर, सारख्या अंतरानं. ३६० भागिले ५ म्हणजे ७२ अंश. आमची थोरली सहावीत आहे, तिला शाळेत कोनमापक नुकताच आला होता, तिनं खुणा केल्या. दोन्ही चकत्या एकत्र आवळून एकाच वेळी भोकं पाडा, नाहीतर खुंट्या तिरक्या बसतात. बोल्टचे आटे लाकडी दातांना करवतीसारखे कुरतडतात, म्हणून प्रत्येक बोल्टवर जाड वायरचं सोललेलं प्लॅस्टिक नळीसारखं चढवा.

खुंटी दाताला ढकलते आणि पट्टा पुढं जातो, एवढंच यंत्र आहे. चाकावर धारदार दाते कापण्यापेक्षा हे फार सोपं, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या रशियन टी-३४ रणगाड्यात असंच होतं : दोन चकत्यांच्या मध्ये रोलर, आणि पट्ट्याच्या आतल्या शिंगांना ते ढकलायचे. मुलांच्या हातच्या कामाला ही रचना सोयीची आहे, कारण खुंट्यांच्या मध्ये बरीच मोकळी जागा राहते. दात दोन मिलिमीटर इकडं-तिकडं बसला तरी पट्टा चालतो.

इथं थांबून एक चाचणी घ्या. मागचं चाक आणि एक साधं चाक कुठल्याही फळीवर बोल्टनं बसवा, पट्टा चढवा आणि हातानं फिरवा. अगदी सावकाश. खुंटी खालून येते, दाताच्या पाठीला टेकते, क्षणभर पट्टा ताठ होतो, मग दात चकत्यांच्या मध्ये सरळ शिरतो आणि पुढच्या खुंटीची पाळी येते. जिथं ‘कट्‌’ असा आवाज येईल तिथला दात तिरका आहे, पेनानं खूण करा आणि घासा. पंधराच्या पंधरा दात विनाआवाज जाईपर्यंत पुढं जायचं नाही. मोटर लावल्यावर हाच आवाज ऐकू येत नाही, सरळ गिअर तुटतात.

मोटर आणि फळ्या

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पिवळी बीओ, म्हणजे बॅटरीवर चालणारी मोटर मागा, गिअरबॉक्ससकट येते. दुकानदार बहुतेक वेळा जास्त वेगाची पुढं करतो. आपल्याला मिनिटाला ६० किंवा १०० फेऱ्यांचीच हवी. चाकाच्या एका फेरीत पाच दात, म्हणजे पट्टा २० सेंटिमीटर सरकतो. ६० फेऱ्यांना मिनिटाला १२ मीटर. कागदावर हे कमी वाटतं, पण गाडीमागं चालायला आठ वर्षांच्या मुलाला बेताचं आहे. वेगाची मोटर घेतली तर जोर जातो, आणि पट्ट्याच्या गाडीला वळताना जोर लागतो.

मोटरीचा दांडा प्लॅस्टिकचा आणि दोन्ही बाजूंनी चपटा असतो, त्यावर आपली प्लायची चकती थेट बसत नाही. म्हणून त्याच मोटरीसोबत मिळणारं पिवळं चाक घ्या, त्याचा रबरी टायर काढून टाका, आणि उरलेल्या प्लॅस्टिकच्या चाकाला आपलं खुंट्यांचं चाक तीन छोट्या स्क्रूंनी जोडा. दांड्यावर बसायचं काम ते प्लॅस्टिकचं चाक करतं.

बाजूच्या फळ्या १२ मिलिमीटर प्लायच्या, २७ सेंटिमीटर लांब, ७ उंच. मागच्या बाजूला वरून खाली खाच घ्या, मोटर तिच्यात उभी बसेल आणि गिअरबॉक्सची बाहेरची बाजू फळीच्या सपाटीत येईल अशी. पत्र्याची पट्टी आणि दोन केबल टाय तिला पक्की धरतात. पुढच्या चाकासाठी भोक नको, दीड सेंटिमीटर लांबीची आडवी फट करा. मागच्या चाकाच्या मध्यापासून पुढच्याचा मध्य साधारण २० सेंटिमीटरवर येतो, आणि या फटीत बोल्ट पुढं-मागं करून पट्ट्याचा ताण जुळवता येतो. मधल्या दोन चाकांची भोकं बाकीच्यांपेक्षा ३ मिलिमीटर खाली पाडा. याचं कारण वळण्याशी आहे, पुढं सांगते. दोन्ही फळ्या शिकंज्यात एकत्र आवळूनच सगळी भोकं पाडायची. आस एकमेकांना समांतर नसले तर पट्टा कडेला चढत जातो आणि उतरतो, मग दात कितीही चांगले असोत.

दोन फळ्या आडव्या तुकड्यांनी जोडा, बाहेरून बाहेर ९ सेंटिमीटर रुंदी ठेवून. पिवळ्या चाकामुळं मागचं चाक फळीपासून बरंच बाहेर येतं. तेवढंच अंतर बाकीच्या चाकांनाही द्यायचं, त्यासाठी बोल्टवर पीव्हीसी पाइपचे तुकडे घाला. आधी मागचं चाक बसवा, मोजा, मगच पाइप कापा. चारही चाकांच्या मधल्या फटी एका रेषेत आल्या पाहिजेत. सगळे नट नायलॉक, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले घ्या, साधे नट हादऱ्यानं सुटतात.

पट्टा चढवल्यावर वरची बाजू मधोमध बोटानं दाबून पाहा. सेंटिमीटरभर खाली गेली पाहिजे. तबल्यासारखा ताणला तर सगळा ओढ त्या प्लॅस्टिकच्या दांड्यावर येतो आणि तो वाकतो.

वायर आणि स्विच

रिमोट, ब्लूटूथ, यात पहिल्या गाडीला पडू नका. वायरचा कंट्रोल करा. त्यात काय चाललंय ते मुलांना दिसतं, आणि पैसेही वाचतात. लागतात दोन डीपीडीटी स्विच, सहा पायांचे, मध्ये बंद राहणारे, आणि मिळाले तर बोट काढल्यावर आपोआप मध्ये येणारे. डावा स्विच डाव्या पट्ट्याचा, उजवा उजव्याचा. पोकलेनच्या ड्रायव्हरपुढंही चालवण्यासाठी असेच दोन लिव्हर असतात.

स्विच उलटा करून पाहिला की तीन-तीन पायांच्या दोन रांगा दिसतात. मधल्या दोन पायांना मोटरीच्या दोन वायरी. एका टोकाच्या दोन पायांना बॅटरीची लाल आणि काळी. तिथून दुसऱ्या टोकाच्या पायांना दोन छोट्या वायरी फुलीच्या आकारात, म्हणजे लाल असलेल्या पायाच्या समोर काळी यावी. स्विच एका बाजूला पडला की करंट सरळ, दुसऱ्या बाजूला पडला की उलटा, मोटरही उलटी. थोरलीनं हे आधी कागदावर दोन रंगांच्या पेननं काढलं, मग डाग दिले. डाग देताना चष्मा, उघडी खिडकी, आणि झाल्यावर साबणानं हात, कारण सोल्डरमध्ये शिसं असतं. धाकट्यांना वायर सोलायला आणि चिमट्यात धरायला द्या.

वायर म्हणून इंटरनेटची जुनी पॅच कॉर्ड उत्तम. तिच्यात आठ बारीक वायरी असतात : दोन मिळून बॅटरीची लाल, दोन मिळून काळी, उरलेल्या चार दोन मोटरींच्या. बरोबर पुरतात. भिंतीतून ओढतात ती कडक केबल घेऊ नका, आतली एकेरी तार वाकून वाकून तुटते.

बॅटरी गाडीवरच, पुढच्या बाजूला, कारण मोटरींचं वजन मागं आहे. चार एए आकाराचे रिचार्जेबल सेल होल्डरमध्ये. प्रत्येकी १.२ व्होल्ट, एकूण ४.८, आणि ही मोटर तेवढ्यावर नीट चालते. ९ व्होल्टची छोटी चौकोनी बॅटरी बघून मोह होतो, पण तिच्यातून दोन मोटरींना लागणारा करंट निघत नाही. मोटर घुं करते आणि बसते. जुन्या लॅपटॉपचे किंवा पॉवर बँकेचे लिथियम सेल मुलांच्या गाडीत नकोतच. वायरी एकमेकींना टेकल्या तर ते पेट घेऊ शकतात. आणि सेल कुठलेही असोत, होल्डरच्या लाल वायरीवर लगेच २ अँपिअरचा फ्यूज बसवा.

आमच्याकडं खर्च असा आला : दोन मोटरींचे सव्वाशेच्या आसपास, पिवळी चाकं पन्नास, स्विच पन्नास, पट्टा पंचवीस, बोल्ट-नट-स्क्रू शंभराच्या जवळ, होल्डर आणि फ्यूज पन्नास. प्लाय, टायर आणि पॅच कॉर्ड मागून आणलेले. चारशेच्या घरात. रिचार्जेबल सेल आणि चार्जर घरात होते, नसतील तर ते धरून खर्च बराच वाढतो, पण ते इतरत्रही उपयोगी पडतात.

चालवताना

दोन्ही स्विच पुढं केले की गाडी सरळ. एक पुढं, एक मागं केला की जागच्या जागी गिरकी. पट्ट्याची गाडी चाकं वळवून वळत नाही, घसटत वळते. जमिनीवर टेकलेला पट्टा आडवा ओढला जातो, आणि तो जितका लांब तितका विरोध जास्त. म्हणूनच टेकलेली लांबी आणि दोन पट्ट्यांमधलं अंतर यांचं प्रमाण महत्त्वाचं. आपल्या गाडीत लांबी २० सेंटिमीटर आणि पट्ट्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत साडेसतरा. लांबी अंतराच्या दुप्पट झाली तर गाडी वळायला मागत नाही. मधली चाकं ३ मिलिमीटर खाली घेतली ती यासाठीच : कडक फरशीवर गाडी मधल्या चाकांवर तोलली जाते, टेकलेला भाग छोटा होतो आणि ती चटकन वळते. मऊ वाळूत मात्र ती थोडी रुतून पूर्ण पट्टा टेकतो, आणि तिथं आपल्याला तेच हवं असतं.

का हवं, ते मुलांना आकड्यांत दाखवा. थोरलीनं आलेखाच्या कागदावर दोन्ही पावलं ठेवून कडेनं पेन्सिल फिरवली आणि चौकोन मोजले. साधारण २०० चौरस सेंटिमीटर. तिचं वजन २८ किलो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला १४० ग्रॅम. गाडी सव्वा किलोची आणि वाळूत टेकणारे दोन पट्टे मिळून १५२ चौरस सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम ८ ग्रॅम. बांधकामावरच्या वाळूच्या ढिगात तिची पावलं रुततात आणि गाडी वरून जाते. चाळीस टनांवरचा टी-७२ रणगाडासुद्धा चौरस सेंटिमीटरला एक किलोपेक्षा कमी भार टाकतो. पट्टा लढाईत येण्याच्या आधी शेतात चालला होता. कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनजवळच्या भुसभुशीत जमिनीत वाफेचे जड ट्रॅक्टर रुतायचे, म्हणून बेंजामिन होल्ट यांनी २४ नोव्हेंबर १९०४ ला ट्रॅक्टरची मागची चाकं काढून साखळीवर लाकडी फळ्या बसवलेले पट्टे लावून पाहिले. ज्यानं पावसाळ्यात काळ्या रानात ट्रॅक्टर फसलेला पाहिलाय त्याला होल्ट यांची अडचण वेगळी सांगायला नको.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर घाबरू नका. या स्वस्तातल्या दोन मोटरी कधीच तंतोतंत सारख्या नसतात. मुलं अंगठा मधूनच सोडून गाडी सरळ ठेवायला शिकतात, आणि चालवण्यातली गोडी त्यातच आहे. पट्टा सारखा एकाच बाजूला उतरत असेल तर पुढच्या चाकाचा बोल्ट फटीत तिरका झालाय, दोन्ही बाजूंचं अंतर पट्टीनं मोजून सारखं करा. खुंटी दातावरून उडी मारत असेल तर पट्टा सैल आहे. गिअरबॉक्समधून कर्र असा आवाज आला तर लगेच बोट काढायचं. पट्ट्यात खडा अडकलेला असतो, तो काढून मगच पुढं. हे मुलांच्या अंगवळणी पडलं पाहिजे.

ओल्या काळ्या मातीत गाडी घालू नका. चिकट माती दातांच्या मध्ये भरते, चाकांची फट बुजते आणि पट्टा उचलला जातो. चुकून गेलीच तर पाण्यानं धुवायची घाई करू नका, प्लाय फुगतो. माती सुकू द्या आणि दात घासायच्या जुन्या ब्रशनं काढा. वापरून झाल्यावर सेल होल्डरमधून काढून ठेवायचे.

एवढं चालू झालं की मुलं पुढचं मागतातच. आमच्या धाकट्याला समोर माती लोटणारं पातं हवं होतं. चार इंची पीव्हीसी पाइपचा १८ सेंटिमीटरचा तुकडा उभा चिरला की बुलडोझरच्या पात्यासारखा बाक आयता मिळतो. तो पक्का ठोकू नका. फळ्यांच्या पुढच्या टोकाला दोन छोट्या बिजागऱ्या लावून त्यावर बसवा आणि मागून रबरबँडनं ओढून धरा. दगडाला अडला तर पातं वर उचललं जाईल, आणि मोटर वाचेल.